उसनवारीचे सूर

आम्हां मराठीच्या मास्तरांना एक खोड असते. ओळ वाचली की ती मूळची कुणाची, हे आधी शोधायचे. उसनवारी सापडली की 'वाङ्मयचौर्य' हा भारदस्त शब्द तयारच! हल्ली घरोघरची पोरे जे 'हिप हॉप' ऐकतात, त्याची वंशावळ मी याच खोडीने काढली, आणि ती मोठी मनोरंजक निघाली.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्बेल या मुलीने नाचाचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या लावायला तिचा भाऊ 'कूल हर्क'. गाणे थांबून नुसता ताल उरला की पोरे बेभान होतात, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो ती चार क्षणांची लय लांबवू लागला. वादकांवाचून वाद्यवृंद!

पुढे यंत्रे आली. १९८७ च्या एस.पी.-१२०० मध्ये जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावे. म्हणून कारागीर तबकडी वेगाने फिरवून आवाज भरीत आणि मागाहून तो संथ करीत. त्यातून आलेली खरखर हीच त्या संगीताची ऐट ठरली. 'पब्लिक एनिमी'ने तर १९८८ साली तुकड्यांवर तुकडे रचून गोंगाटाचे महाल उभारले.

१९९१ साली मात्र बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालाचा आरंभच चोरीला मनाई करणाऱ्या बायबलातील आज्ञेने केला! तेव्हापासून तुकड्यागणिक परवानगी आणि मोबदला आला. शेकडो ठिगळांची गोधडी कुणाला परवडणार? तुकडे कमी झाले. वादक बोलावून जुन्या चाली नव्याने वाजवून घेण्याकडे ओढा वाढला. डॉक्टर ड्रेने १९९२ साली तेच केले. निकालपत्राने संगीताचा सूर बदलला, तो असा.

मग कायदाच चुकला म्हणावे काय? तसेही नाही. 'द विन्स्टन्स'च्या १९६९ च्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमनने वाजवलेला सुमारे ७ सेकंदांचा ड्रमचा ताल पुढे हजारो गाण्यांत शिरला. कोलमनच्या हाती त्यातली दमडीही पडली नाही. २००६ साली तो निष्कांचन अवस्थेत वारला.

अमेरिकेत दुसऱ्याचे प्रसिद्ध गाणे नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित करायचे असेल, तर ठराविक दराने मोबदला भरला की पुरे; मालकाची मनधरणी करावी लागत नाही. ध्वनिमुद्रणातल्या तुकड्याला ही सोय नाही. ती असती, आणि तीत वादकाचाही वाटा असता, तर ब्राँक्सच्या गरीब पोराला उजळ माथ्याने उसने घेता आले असते, अन् ज्याच्या हातांनी ताल धरला त्याची चूल पेटली असती. उसनवारीत पाप नाही. पाप आहे ते धनको विसरण्यात.