चपला चावणारे पिल्लू

घरात कुत्र्याचे पिल्लू आणले की पहिले दोन आठवडे कौतुकात जातात. मग तक्रारी सुरू होतात. सोफ्याचा कोपरा कुरतडला, नव्या चपलेचा अंगठा तोडला, चार्जरची वायर चावली. ही तक्रार खरे तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायची. माणसांच्या डॉक्टराने त्यात पडण्याचे कारण एवढेच की, ज्या दातांनी चप्पल तुटते त्याच दातांचे ओरखडे घेऊन मुले दवाखान्यात येतात. पिल्लाच्या तोंडातून वस्तू हिसकावून घेताना ते झालेले असतात. आणि पुष्कळदा ती मुले उशिरा आणली जातात. विचारले तर उत्तर ठरलेले, "डॉक्टरसाहेब, घरचंच पिल्लू आहे हो, एवढंसं!"

म्हणून आधी चावण्याबद्दल बोलू, मग दातांबद्दल.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यात ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. आपल्याकडे तान्ह्या बाळाला दात येताना ते हाताला लागेल ते तोंडात घालते, तसेच हे. बाळाला आपण त्यासाठी मारत नाही. पिल्लाला मात्र तीच चप्पल घेऊन बदडले जाते. मारल्याने ते चावणे सोडत नाही, तुमच्या पाठीमागे चावायला शिकते. शिवाय हात जवळ आला की दात दाखवायला शिकते, ते वेगळेच. काही घरांत फर्निचरला तिखट चोळतात. ते पिल्लाच्या डोळ्यांत जाते आणि मागाहून रांगत्या मुलाच्याही. हा उपाय मला मुळीच मान्य नाही.

माझे मत असे की, पिल्लू सुधारण्याआधी घर आवरावे. चपला कपाटात, मोजे दोरीवर, वायरी भिंतीलगत उंचावर, मुलांची खोडरबरे दप्तरात. जे जमिनीवर नाही ते चावले जात नाही. त्याच्या जोडीला त्याच्या हक्काच्या दोन-तीन वस्तू हव्यात. दुकानात मिळणारे जाड रबरी खेळणे चालते. जाड सुती कापडाला गाठी मारून, ते ओले करून बर्फाच्या कप्प्यात गार केले तर हिरड्यांना बरे वाटते. मात्र ते आपल्या नजरेसमोरच द्यावे, नाहीतर चिंध्या पोटात जातात. त्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नये, दात पडत असतात. जुनी चप्पल चावायला देण्याची चूक मात्र करू नये. जुनी कोणती आणि लग्नात घालायची कोणती, हे त्याला कळत नाही.

दिवसभर साखळीला बांधलेले पिल्लू जास्त कुरतडते. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवले, थोडे खेळवले, की ते दमून झोपते. झोपलेले पिल्लू काही चावत नाही.

आता हिसकावण्याचे. पिल्लाच्या तोंडात वस्तू असेल तर ओढू नका. ओढले की त्याला तो खेळ वाटतो आणि ते आणखी घट्ट धरते. त्याच्या आवडीचा खाऊ पुढे करा, पोळीचा तुकडाही चालेल. तोंड उघडले की वस्तू काढून घ्या आणि खाऊ द्या. ही देवघेव घरातल्या मोठ्यांनी करायची. मुलांना एकच नियम शिकवा: पिल्लाच्या तोंडात हात घालायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची.

काही वस्तूंच्या बाबतीत नुकसान चपलेवर थांबत नाही. उंदराचे औषध, आजोबांच्या गोळ्यांची पाकिटे, चालू वायर यांनी पिल्लू मरू शकते. आपण तापासाठी घेतो ती पॅरासिटामॉलची गोळीही त्याला विषारी ठरते. चॉकलेट, मनुका, कांदा तसेच. मोजा किंवा आंब्याची कोय गिळली तर आतडे तुंबते आणि पोट फाडून ती काढावी लागते. असे काही पोटात गेल्याची शंका आली तर घरी मीठपाणी पाजत बसू नये, पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आता माझ्या विषयाकडे येतो. कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात. दात शिवशिवण्याचा काळही नेमका त्याच सुमाराचा. म्हणजे ज्या दिवसांत पिल्लू सर्वांत जास्त चावते, त्या दिवसांत पुष्कळदा त्याला संरक्षण नसते. त्यातून ते रस्त्यावरून उचलून आणलेले असेल, तर त्याच्या आईला काय झाले होते, तिला किंवा पिल्लांना दुसरे कोणते कुत्रे चावले होते का, हे कोण सांगणार? पिल्लू लहान म्हणून त्याची लाळ निरुपद्रवी, असा कोणताही नियम नाही. रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. वेळेवर उपचार केले तर तो टाळता येतो.

तेव्हा कातडीवर दात लागला, ओरखडा उमटला, मग रक्त येवो वा न येवो, वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे जखम धुवावी. घड्याळ लावून १५ मिनिटे. या विषाणूवरचे स्निग्ध आवरण साबणाने विरघळते, म्हणून याचे एवढे महत्त्व. हळद, चुना, तिखट काही भरू नये, घट्ट पट्टी बांधू नये. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषधही टोचावे लागते. ती गरज डॉक्टर ठरवतील. पिल्लावर दहा दिवस नजर ठेवावी. पण दहा दिवस पाहू आणि मग लस घेऊ, हा हिशेब चुकीचा. लस आधी सुरू करायची. दहा दिवसांनंतरही पिल्लू ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांचे काय करायचे, ते डॉक्टर सांगतात.

कुरतडणे आणि आजार यांतला फरकही सांगून ठेवतो. दात येणारे पिल्लू खेळकर असते, खाते-पिते, हाक मारली की येते. ते अचानक गप्प झाले किंवा चवताळले, दगड-माती-लाकूड वेड्यासारखे चावू लागले, आवाज बदलला, लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबू लागला, तर ते दूर कोंडून ठेवावे आणि पशुवैद्यांना कळवावे. अशा वेळी "घशात हाड अडकलंय" म्हणून तोंडात हात घालणारे घरोघरी असतात. तो हात घालू नये. आधीच घातला असेल तर पिल्लू चावले नसले तरी हात धुवून लगेच दवाखान्यात यावे.

पोटात चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. ती जुनी लस आपल्या देशात २००५ सालापासून वापरात नाही. आताची लस दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीत. चार किंवा पाच वेळा यावे लागते. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. शाळा बुडते, मजुरी बुडते म्हणून मधला डोस चुकवू नये.

आणि पिल्लाचे तीन महिने कधी भरतात, ती तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. जंतांच्या औषधाचेही त्याच खेपेला विचारून घ्या.