समाजाच्या नावे

व्यापारी घराण्यांना इमारतींवरील नावे अपरिचित नाहीत. धर्मशाळा, पाठशाळा, रुग्णालय यांच्या दर्शनी भागी दात्याचे नाव कोरण्याची रीत जुनी आहे आणि ती योग्यही आहे. मात्र ज्याने द्रव्य नव्हे, न्याय दिला, त्याचे नाव वास्तूला देण्याचा हिशेब निराळा असतो.

नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८७८ मध्ये नाशिकच्याच न्यायासनावर बसले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. व्यापाऱ्याने त्यांना आठवावे ते या दोन पदांमधील कार्यासाठी. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. केवळ कर्जरोख्यावर विसंबू नये, मूळ व्यवहारापासूनचा हिशेब तपासावा, असे बंधन न्यायालयांवर आले. या कायद्याच्या अंमलबजावणीवरील देखरेख पुढे रानड्यांकडे आली. ऋणकोला न्याय देताना त्यांनी धनकोला शत्रू मानले नाही. शेतीला रास्त व्याजाने भांडवल मिळावे, म्हणून शेतकी पेढीच्या योजनेचा त्यांनी पुरस्कार केला. चोख वही ठेवणाऱ्या सावकाराला अशा न्यायाचे भय नव्हते. उलट त्याची पत वाढत होती.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने स्मारकनिधी उभा राहिला आणि १९१० मध्ये पुण्यात रानडे औद्योगिक व आर्थिक संस्था सुरू झाली. नाव दिले ते रानड्यांच्याच आवडीचे विषय पुढे नेणाऱ्या वास्तूला. कालांतराने तेथे विद्यापीठाचे वृत्तपत्रविद्येचे वर्ग भरू लागले. ‘रानडे इन्स्टिट्यूट’ हे नाव पत्रकारांच्या कित्येक पिढ्यांच्या ओठी राहिले. त्या नावामागील कर्जाचा, हिशेबाचा आणि न्यायाचा इतिहास मात्र मागे पडला.

वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. दात्याच्या पाटीवर त्याची रक्कम जमा दिसते. न्यायाधीशाचे नाव वास्तूला देताना समाज ते ऋण स्वतःच्या नावे टाकत असतो आणि नावे पडलेली रक्कम फेडावी लागते. विश्वस्त मंडळांवर बसणाऱ्यांनी नामकरणाचा ठराव मांडताना एवढे अवश्य करावे: नावाखाली त्या व्यक्तीच्या कार्याच्या दोन ओळी कोराव्यात आणि वास्तूत त्या कार्याशी नाते सांगणारे काही चालू ठेवावे. एरवी वर्षानुवर्षे खात्यात नाव राहते, व्यवहार मात्र थांबलेला असतो.