साराला कुणी विचारले?

दिंडोशीत राहणाऱ्या माणसाला देवादिकांचे फारसे अप्रूप उरत नाही. गालाला डिंकाने दाढी चिकटवलेले ऋषी टपरीवर कटिंग पिताना दिसले की आम्ही मान वळवूनही पाहत नाही. हाकेच्या अंतरावर दादासाहेब फाळके चित्रनगरी. राज्य सरकारने 1977 साली ती उभारली आणि बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'तले द्यूत आणि वस्त्रहरण इथल्याच सेटवर झाले.

ज्यांचे नाव तिला दिले, त्या फाळक्यांनी 1910-11च्या सुमारास गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे आपल्या पौराणिक पटांचे बी बायबलच्या चित्रपटातून पडले. या उसनवारीची फेड दूरदर्शनने 1992च्या डिसेंबरात सुरू केली. केरळच्या नवोदयच्या अप्पच्चन यांची 'बायबल की कहानियाँ' ही मालिका लागली. अयोध्येतली मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली, तोच हा महिना. एकमेकांच्या पोथ्या एकमेकांच्या घरात दिसाव्यात, याची गरज एरवी इतकी कधी जाणवली नसेल.

काही वर्षांपूर्वी हे काम माझ्याच वाट्याला आले. एका निर्मात्याला (नाव नको) बायबलवर मराठी मालिका करायची होती. मी पोटासाठी मालिकांचे संवाद लिहितो. त्याने नमुन्याला अब्राहामाचा भाग मागितला.

उत्पत्तीचा बाविसावा अध्याय मी पहिल्यांदाच नीट वाचला. देव अब्राहामाकडे मुलाचा, इसहाकाचा बळी मागतो. बाप पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडतो, दोन गडी घेतो आणि निघतो. तीन दिवसांची वाट, पण वाटेत कोण काय बोलले याचा एक शब्द नाही. डोंगर चढताना लाकडांचा भारा मुलाच्या पाठीवर. तो विचारतो, विस्तव आहे, लाकडे आहेत, मग कोकरू कुठे? पुढे सुरी उचललेला हात देवदूत थांबवतो, झुडपात शिंगे अडकलेला एडका सापडतो. परतताना बापाचा उल्लेख आहे, मुलाचा नाही. आणि आई, सारा, या अध्यायात कुठेच नाही. पुढचा अध्याय उघडतो तो तिच्या मृत्यूने.

सगळी गोष्ट एका पानात संपते. मालिकेला हवी बावीस मिनिटे.

मी मराठी माणूस. रिकामी जागा दिसताच माझ्या डोक्यात चांगुणा आली. अतिथीसाठी चिलयाचे मस्तक उखळात कांडणारी, डोळ्यांतून टिपूस न काढणारी. हरिश्चंद्राची तारामतीही आली. आमच्या कथांत बापाने शब्द पाळला की त्याची किंमत आईच्या तोंडून ऐकू येते. मी साराला चार पानी आक्रोश दिला. निर्माता खूश झाला.

ते बाड मी शेजारच्या ईस्ट इंडियन आंटींना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "ती रडते कशाला? तिला कुणी विचारलं होतं का? तिला ठाऊकच नसेल, बाबा."

मी गप्प झालो.

बायबल आपल्या बोलीत, आपल्या छंदात यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 साली गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला 2013 साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पोशाख बदलावा, भाषा बदलावी. पण ग्रंथ जिथे मुद्दाम गप्प बसतो, तिथे आपण ढोल वाजवू लागलो की प्रेक्षक विचार करायचा थांबतो. मालिकांना शांततेची भीती वाटते; दोन क्षण कुणी बोलले नाही तर आम्ही विजांचा कडकडाट घालतो. परदेशात तरी काय वेगळे? 'द चोझन' या अमेरिकन मालिकेने येशूच्या शिष्यांना कर्जे, संसार, कुरबुरी असे पुष्कळ काही दिले आहे. त्यातले काही फार सुंदर आहे, हे कबूल. पण ते भरताना निदान पात्राला काय ठाऊक होते, एवढे तरी बघावे.

शिवाय ही गोष्ट एकट्या ख्रिस्ती लोकांची नाही. मुळात ती ज्यूंच्या तोरातली. मुसलमानांचा इब्राहिम तोच. त्यांच्यातले बहुतेक मुलाचे नाव इस्माईल मानतात आणि बकरी ईद त्याचीच आठवण. पैगंबर पडद्यावर दाखवणे त्यांना रुचत नाही. तीन घरांची ठेव हाताळताना जास्तीचे प्रत्येक वाक्य कुणाला तरी टोचू शकते.

मी ती चार पाने फाडली. आंटींनीच सुचवले म्हणून एवढेच ठेवले: पहाटेचा अंधार, भाकरी फडक्यात बांधणारे बाईचे हात, आणि दाराशी मुलाच्या खांद्यावर ठेवलेले ते गाठोडे. संवाद नाही. हीसुद्धा माझी भरच आहे, हे मला कळते.

निर्मात्याने बाड परत पाठवले, पैसे पाठवले नाहीत. मालिका झाली नाही. आंटी मात्र जिन्यात भेटल्या की अजून विचारतात, "लागली का रे ती गोष्ट टीव्हीवर?"