बॅग कोणी भरली?

रात्रीचे पावणेतीन. तळेगाव स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटमधून हॉस्पिटलला पोचायला अकरा मिनिटं लागली. (ही वेळ मी आधी दोनदा मोजली होती. चाकण रोडवर ट्रक अडकले तर दुसरा रस्ता कुठला, तेही ठरलेलं. इंजिनिअर माणूस!) बॅग डिकीत होती. सगळं कसं प्लॅनप्रमाणे.

काउंटरवर सिस्टरनी विचारलं, "ब्लड ग्रुपचा रिपोर्ट?"

मी चेन उघडली. वर दुपटी, झबली, टोपरी. खाली डिंकाच्या लाडवांचा डबा. मधे पिशव्या, आणि पिशव्यांत आणखी पिशव्या. शेवटी व्हीलचेअरवरून बायकोच दोन कळांच्या मधे म्हणाली, "डावा कप्पा... हिरवी फाईल... मागून तिसरा कागद." आणि पुढची कळ आली.

त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

कागद साधासुधा नव्हता. बायको बी निगेटिव्ह, मी पॉझिटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका असतो. डॉक्टरांनी हे आम्हाला दोघांनाही समजावलं होतं. लक्षात एकटीच्या राहिलं.

चूक कुठे झाली? बॅग बायकोने आणि सासूबाईंनी भरली होती. भरून सासूबाई कराडला परत गेल्या, आणि बाळ दोन आठवडे आधीच निघालं. मी बॅग फक्त उचलली. पण हॉस्पिटलात ती उघडणार कोण होतं? मीच ना!

पूर्वी हा प्रश्न नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी. भरणाऱ्या बायकाच, उघडणाऱ्याही त्याच. बाप गावी निरोपाची वाट बघत बसायचा. आता आपण हिंजवडी-चाकणच्या नोकऱ्यांपायी दोघंच राहतो, बाळंतपणही इथेच होतं. घर बदललं, पण बॅग भरण्याची पद्धत आजीच्या काळातलीच राहिली. ऑफिसात ज्याला रात्री फोन येणार त्याला काय कुठे आहे हे माहीत नसेल, तर आपण रिलीज पुढे ढकलतो. बाळंतपण थोडंच पुढे ढकलता येतं?

म्हणून माझं मत: बॅग नवऱ्यानेच भरावी.

तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा यादी दे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली सुरक्षित प्रसूतीसाठी २९ मुद्द्यांची यादी काढली. उत्तर प्रदेशातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: सिस्टरांच्या कामात सुधारणा झाली, पण मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. यादी हवीच, पण नुसत्या यादीने भागत नाही.

तरी थोडक्यात सांगतो. सगळ्यात वर फाईल: सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, दोघांचं आधार, विम्याचं कार्ड. मग पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, पॅड, चप्पल, चार्जर. बाळाला धुतलेले, मऊ सुती कपडे. कोणी प्रेमाने मध किंवा घुटी दिली, तर ती घरीच ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा, आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. हे मोठ्यांना सांगायचं कामही नवऱ्याचंच. बाळंतिणीने तेवढ्यात वाद कुठे घालायचा?

बॅग आधीच भरून झाली असेल, तर या शनिवारी पलंगावर उपसा. बायकोला खुर्चीत बसवा. ती सांगेल, तुम्ही ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

असो. आमची मुलगी बी पॉझिटिव्ह निघाली आणि इंजेक्शन वेळेत मिळालं. ती आता तीन वर्षांची आहे, आणि पुढच्या महिन्यात तिला भावंडं येतंय. बायकोच्या रक्ताची तपासणी यावेळी व्यवस्थित आली. काल बॅग मी भरली. दुपट्यांच्या घड्या गबाळ्या आहेत असं ऐकून घेतलं. हिरवी फाईल मात्र सगळ्यात वर आहे.