चषक भाड्याचा नाही, पण तो नागपूरच्या पुढे काहून येत नाही?

राजेहो, आज जरा लांबलचक लिहितो. सवडीने वाचा, पण अर्ध्यावर सोडून भांडायला येऊ नका.

ऑक्टोबरात विदर्भाने इराणी चषक जिंकला. जामठ्यात, शेष भारताला 93 धावांनी हरवून. आपल्या अकोल्याच्या अथर्व तायडेने 143 काढले. विदर्भ आजवर तीनदा इराणी खेळला आणि तिन्ही वेळा जिंकला. आनंदाची गोष्ट. पण त्यानंतर आठवडाभरात तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकलं : "बाहेरचे पोट्टे भाड्याने आणतात अन् जिंकतात, त्यात विदर्भाचं काय?" मुंबई-पुण्याकडच्याने असं म्हटलं असतं तर समजलो असतो. हे तिघंही आपल्या जिल्ह्यातले. आपल्या माणसाने काही कमावलं की ते उधारीचं आहे असं मानायची सवय आपल्याला इतकी जडली आहे, की पुरावा समोर असला तरी दिसत नाही.

तर पुरावाच पाहू. भावनेचं काम नाही, मोजदादीचं आहे.

विदर्भ रणजी खेळतो 1957-58 पासून. त्यानंतरच्या साठ वर्षांत आपण एकदाही उपांत्य फेरी पाहिली नव्हती. प्लेट गटात, म्हणजे खालच्या पंगतीत, वर्षानुवर्षं बसलेला संघ. मोठ्या संघांनी यावं, गुण घेऊन जावं, एवढंच आपलं काम. 2017-18 च्या मोसमात हा संघ कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना खेळला. कर्नाटकाला 198 हवे होते, ते 192 वर संपले. पाच धावा! रजनीश गुरबानीने त्या डावात 68 धावांत सात घेतले. हा इंजिनिअरिंग शिकलेला पोरगा, नागपूरचा. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. त्यात गुरबानीची हॅट्‌ट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी अशी हॅट्‌ट्रिक एकदाच झाली होती. अक्षय वाडकरने 133 काढले, प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलंच शतक. अकोल्याचा आदित्य ठाकरे तर पदार्पणच अंतिम सामन्यात करत होता. 1 जानेवारी 2018 ला आपण नऊ गडी राखून जिंकलो.

आता त्या अकरात बाहेरचे किती? वसीम जाफर आणि गणेश सतीश. दोघे. जाफर आदल्या मोसमात दुखापतीमुळे खेळू शकले नव्हते, तरी संघटनेने ठरलेले पैसे दिले. म्हणून या मोसमात ते मानधन न घेता खेळले. भाड्याचा माणूस असा वागतो का हो?

पुढच्या वर्षी पुन्हा. फेब्रुवारी 2019, जामठा, समोर सौराष्ट्र. आदित्य सरवटेने सामन्यात 11 बळी घेतले. चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच हातून गेला, एकदा 1 वर आणि एकदा शून्यावर. 78 धावांनी विजय, सलग दुसरा रणजी. त्यानंतर लगेच इराणी जिंकला आणि बक्षिसाची रक्कम पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबांना देऊ केली. त्या मोसमात जाफरने हजाराच्या वर धावा केल्या हे खरं, आणि त्यांचं श्रेय कोणी नाकारत नाही. पण चाळिशी गाठलेल्या एका मुंबईकराने वीस बळी घेतले नाहीत. ते आपल्या पोरांनी घेतले.

दुसरा आवडता मुद्दा : "ते सगळं चंद्रकांत पंडितांचं." पंडित मोठे प्रशिक्षक, शिस्तीचे, यात वाद नाही. 2020 मध्ये ते मध्य प्रदेशाकडे गेले आणि 2021-22 मध्ये त्या संघाला पहिला रणजी मिळवून दिला. इकडे आपला संघ घसरला. 2019-20, 2021-22, 2022-23 या तिन्ही मोसमांत रणजीच्या बाद फेरीतही नाही (मधलं एक वर्ष कोरोनाने खाल्लं). तेव्हा हेच लोक म्हणत होते, बघा, पंडित गेले, संपला विदर्भ. त्याच पडत्या काळात, जानेवारी 2023 मध्ये, याच संघाने जामठ्यात गुजरातला 73 धावा करू दिल्या नाहीत. 54 वर गुंडाळलं, सरवटे 17 धावांत सहा. रणजीच्या इतिहासात याहून कमी लक्ष्य कोणी राखलेलं नव्हतं. ही बातमी कितीकांनी वाचली?

मग उस्मान गनी प्रशिक्षक झाले. विदर्भाकडूनच खेळलेले, घरचे. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर अंतिम सामना, मुंबईविरुद्ध. 538 चं लक्ष्य. कुणीही दीड दिवसात शरण गेलं असतं. आपला कर्णधार वाडकर शतक ठोकून लढला आणि संघ 368 पर्यंत गेला. हरलो. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत त्याच मुंबईला नागपुरात 80 धावांनी घरी पाठवलं आणि अंतिम सामन्यात केरळवर 37 धावांच्या पहिल्या डावाच्या आघाडीने 2 मार्च 2025 ला तिसरा रणजी घेतला. म्हणजे एकटे पंडितच कारण असते, तर ते गेल्यावर हे झालं कसं?

या अंतिम सामन्यातही बाहेरचे मोजा. करुण नायर आणि ध्रुव शोरी. पुन्हा दोघेच. (गंमत म्हणजे हाच शोरी इंदूरच्या सामन्यात दिल्लीकडून आपल्याविरुद्ध 145 करून गेला होता.) 24 वर तीन गेले असताना नायरसोबत 215 धावांची भागीदारी कोणी केली? दानिश मालेवारने, नागपूरच्या, पहिल्याच मोसमात. त्याच्या 153. मोसमात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम कोणी केला? हर्ष दुबेने. 960 धावा कोणाच्या? यश राठोडच्या. आणि केरळचे तीन गडी टिपणारा दर्शन नळकांडे कुठला? वर्ध्याचा, आपल्या जिल्ह्याचा! 2021 मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध लागोपाठ चार चेंडूंत चार बळी घेणारा हाच.

भाड्याची भाषा करणाऱ्यांनी उलटा हिशेबही करावा. केरळकडून त्या अंतिम सामन्यात आपल्याविरुद्ध 79 धावा करून कोण उभा होता? आदित्य सरवटे, 2019 चा आपला हिरो. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. साठ वर्षं ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं त्या प्रदेशाची माणसं आज दुसरे संघ मागून नेतात. कापूस इथला, गाठी दुसरीकडे, हे आपल्याला नवं नाही, पण निदान कापूस आपला होता एवढं तरी म्हणा.

हे घडलं कशाने? चमत्काराने नाही. 2008 मध्ये जामठ्याला पहिली कसोटी झाली, त्याच सुमारास निवासी अकादमी उभी राहिली, भारताकडून खेळलेले प्रशांत वैद्य यांच्यासारख्या माणसाने वयोगटाच्या संघांपासून घडी बसवायला घेतली. पोरांना वर्षभर एकाच पद्धतीचं प्रशिक्षण, राहणं-खाणं, वेळेवर फिजिओ. कंटाळवाणं काम. त्याचे फोटो निघत नाहीत. पीक यायला आठ-नऊ वर्षं लागली. बीसीसीआयचा पैसा सगळ्याच राज्य संघटनांना मिळतो. तो मैदानात किती गेला आणि मांडवात किती, एवढाच फरक.

आणि दिल्ली-मुंबईने याची दखल कशी घेतली तेही नोंदवतो. फैज फझल. 2017-18 मध्ये कर्णधार, 912 धावा, संघाला पहिला रणजी. भारताकडून खेळला किती? एक वनडे, 2016, झिम्बाब्वेत. नाबाद 55. पुन्हा बोलावणं नाही. 2024 मध्ये तो निवृत्त झाला, बातमी चार ओळींची.

इथवर विदर्भाची बाजू मांडली. आता माझं भांडण.

जामठ्याचं मैदान ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावच वर्धा रोड. पण तो रस्ता आमच्याकडून तिकडे जातो, तिकडून इकडे काही येत नाही. रोहण्यात, आर्वी तालुक्यात, क्रिकेट म्हणजे अजूनही टेनिस बॉल. उलंगवाडी झाली, वावर मोकळं झालं की पोट्टे रोलर नसताना पाण्याचे टिप्पे फिरवून पीच करतात. मग कुणातरी नेत्याच्या नावाचा चषक, रात्रीचे दिवे, डीजे, पहिलं बक्षीस हजारोंत. फ्लेक्सवर नेत्याचा फोटो हातभर आणि खेळाडूंचे टाचणीएवढे. त्या एका स्पर्धेच्या खर्चात मॅटिंगची विकेट, दोन जाळ्या आणि वर्षभराचे सिझन बॉल येतात. पण जाळीवर फोटो लावता येत नाही ना!

याला उत्तर म्हणून ठरलेलं एक नाव फेकलं जातं : उमेश यादव. खाण कामगाराचा मुलगा, पोलीस भरतीत नापास, विशीत पहिल्यांदा सिझन बॉल हातात धरला आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. "इच्छा असेल तर होतं." नाही होत, बाप्पा. उमेशकडे दीडशेच्या आसपासचा वेग होता, तो लाखात एकाकडे असतो. शिवाय तो वाढला वलनीला, खापरखेड्याजवळ, नागपूरच्या हाकेच्या अंतरावर. रोहण्याच्या पोट्ट्याला सकाळच्या जाळीसाठी वर्ध्याला पोचायचं तर पहिली एसटी पकडून पुलगाववरून जायचं, आणि शाळा बुडवायची. आमची शकुंतला होती ती पण बंद पडली. डावखुऱ्या फिरकीला वयाच्या तेराव्या वर्षी हात लागावा लागतो, तो विशीत नाही लागत. हर्ष दुबे अपघाताने 69 बळी घेत नाही.

मुलींचं तर विचारूच नका. अमरावतीची भारती फुलमाळी देशासाठी खेळली, हे आमच्या शाळेतल्या किती मुलींना माहीत आहे? आठवीनंतर मैदानावर मुलगी दिसली तर गावच बघत राहतं.

जे लोक दर चषकानंतर वेगळ्या विदर्भाची आरोळी ठोकतात त्यांना एकच विचारतो. 1953 च्या नागपूर कराराचा दाखला देत आपण मुंबईकडे आयुष्यभर अनुशेष मागितला, बरोबरच मागितला. मग नागपूरकडे आर्वी, कारंजा, आष्टी यांनी अनुशेष मागितला तर तोंड वाकडं काहून होते? मुंबईने नागपूरशी जे केलं म्हणून आपण ओरडतो, तेच नागपूर तालुक्यांशी करत असेल तर ते घरातलं म्हणून पोटात घालायचं?

माझी मागणी लय मोठी नाही. स्टेडियम नको, अकादमी नको. तालुक्याला एक मॅटिंगची विकेट, आठवड्यातून दोन दिवस येणारा एक शिकलेला प्रशिक्षक, आणि चौदा-सोळा वर्षांखालच्या निवड चाचण्यांची सूचना शाळेच्या फळ्यावर, वेळेत, मराठीत. मुलींच्या चाचणीची पण. क्रिकेट संघटनेने करावं, जिल्हा परिषदेने करावं, नाहीतर ते फ्लेक्सवाले आहेतच, त्यांनी एक वर्ष डीजे गाळावा.

चाचणीची तारीख मला कळवा. बातमी मी लावतो, आणि पहिल्या एसटीत चार पोट्टे आणि दोन पोरी बसवून द्यायची जबाबदारी माझी.