बायोसिमिलर औषधांची मोठी चाचणी वगळली, तर रुग्णांनी काळजी करावी का?

स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब असो की मधुमेहाचं ग्लार्जिन इन्शुलिन, मूळ कंपनीच्या औषधाऐवजी स्वस्त बायोसिमिलर लिहून दिलं की नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, हे तेच आहे ना?" गेल्या काही महिन्यांत या प्रश्नाला नवी धार आली आहे. अमेरिकेच्या एफडीएने २९ ऑक्टोबर २०२५ रोजी एक मसुदा जाहीर केला. बहुतेक बायोसिमिलर औषधांसाठी शेकडो रुग्णांवर मूळ औषधाशी तुलना करणारी मोठी परिणामकारकता चाचणी यापुढे लागू नये, असं त्याचं म्हणणं आहे. ब्रिटनच्या नियामकाने ही भूमिका २०२१ मध्येच घेतली होती. आपल्याकडे सीडीएससीओनेही २०१६ च्या नियमावलीचा सुधारित मसुदा २०२५ मध्ये चर्चेसाठी खुला केला.

"म्हणजे आता चाचणी आमच्यावरच होणार?" ही भीती स्वाभाविक आहे. पण चाचणी वगळण्याइतका विश्वास नियामकांना कुठून आला, हे समजून घ्यायला हवं. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी एका वजनकाट्यात आहे.

पॅरासिटामॉलचा रेणू छोटा. तो रसायनशाळेत बनतो आणि त्याची हुबेहूब नक्कल करता येते. इन्शुलिन किंवा ट्रास्टुझुमॅब जिवंत पेशींकडून बनवून घ्यावं लागतं. पॅरासिटामॉलचं वजन १५१ डाल्टन, मानवी इन्शुलिनचं सुमारे ५,८०८, तर ट्रास्टुझुमॅबचं १,४५,००० च्या पुढे. एवढ्या मोठ्या रेणूंमध्ये थोडाफार फरक मूळ कंपनीच्या दोन बॅचमध्येही असतो. म्हणूनच याला 'जेनेरिक' न म्हणता 'सिमिलर' म्हणतात.

रेणू मोजणारा हा काटा म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. रेणूला विद्युतभार देऊन तो कसा हलतो, यावरून वजन काढायचं. आता गंमत अशी की शुद्ध इन्शुलिन मोजलं तरी एकच वजन दिसत नाही. साधारण एकेका डाल्टनच्या अंतरावर रेघांचा छोटा डोंगर दिसतो. कारण निसर्गातल्या दर शंभर कार्बन अणूंमागे साधारण एक अणू किंचित जड असतो. हा कार्बन-१३, नेहमीच्या कार्बन-१२ चा समस्थानिक. (समस्थानिक म्हटलं की अनेकांना थायरॉइडचा स्कॅन आठवतो. कार्बन-१३ किरणोत्सर्गी नाही. तो तुमच्या भाकरीतही आहे.) इन्शुलिनच्या रेणूत २५७ कार्बन अणू असतात. त्यामुळे एकही जड कार्बन नसलेले रेणू शंभरात सहा-सातच सापडतात. बाकीच्यांत एक, दोन, तीन किंवा अधिक.

हा डोंगर म्हणजे दोष नव्हे, ती त्या रेणूची ओळख. कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू आहेत यावरून त्याचा आकार आधीच गणिताने काढता येतो. यंत्रावर दिसलेला आकार त्याच्याशी जुळला नाही, तर नमुन्यात आणखी काहीतरी आहे.

एक उदाहरण बघा. साठवणीत, विशेषतः उष्णतेत, प्रथिनातल्या ॲस्पॅराजिन या घटकात रासायनिक बदल होतो आणि रेणू ०.९८४ डाल्टनने जड होतो. जड कार्बनमुळे वजन वाढतं १.००३ डाल्टनने. म्हणजे बदललेला रेणू नैसर्गिक जड रेणूच्या जवळपास मागेच लपतो; दोघांत फरक एका डाल्टनच्या पन्नासाव्या भागाएवढा. साध्या यंत्राला तो दिसत नाही, उच्च क्षमतेच्या यंत्राला दिसतो. ट्रास्टुझुमॅबसारख्या अवाढव्य रेणूत मात्र रेघा एकमेकींत मिसळतात. म्हणून त्याचे आधी ट्रिप्सिनने तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासतात. हे तेच ट्रिप्सिन, जे आपल्या स्वादुपिंडातून येतं आणि जेवणातली प्रथिनं पचवतं.

आता रुग्णांवरच्या चाचणीशी तुलना करा. प्रत्येकाचं वय वेगळं, आजाराची पायरी वेगळी, सोबतची औषधं वेगळी. या गोंधळात रेणूतला बारीक फरक बहुधा बुडून जातो. माझ्या मते नियामकांचा युक्तिवाद म्हणूनच पटण्यासारखा आहे: फरक पकडायचाच असेल, तर प्रयोगशाळा जास्त तीक्ष्ण आहे. शिवाय अशा चाचणीत एक ते तीन वर्षं जातात, आणि तो खर्च शेवटी औषधाच्या किमतीत येतो. कर्जाच्या भीतीने उपचार अर्धवट सोडणारी कुटुंबं मी पाहतो, त्यामुळे किमतीचा मुद्दा मला दुय्यम वाटत नाही.

पण काट्याला सगळंच दिसत नाही. प्रथिनाची घडी बिघडली तरी वजन तेच राहू शकतं. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या दोन घटकांचं वजन तर तंतोतंत सारखं आहे. आणि द्रावणात काय मिसळलंय, तेही महत्त्वाचं. युरोपात १९९८ मध्ये एका एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनमधलं अल्ब्युमिन काढून दुसरा स्थिर करणारा पदार्थ घातला गेला. पुढच्या काही वर्षांत मूत्रपिंडाच्या काही रुग्णांच्या शरीरात त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आणि त्यांच्या लाल पेशी बनणंच थांबलं. लक्षात घ्या, ते बायोसिमिलर नव्हतं, मूळ औषध होतं.

म्हणून मोठी चाचणी वगळली तरी सगळ्या चाचण्या वगळलेल्या नाहीत. औषध रक्तात किती आणि किती वेळ राहतं, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं का, हे माणसांवर तपासावंच लागेल. डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांसारख्या काही औषधांना मोठी चाचणी पुढेही लागू शकते, कारण तिथे रक्तातल्या प्रमाणावरून फारसं काही कळत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. मंजुरीच्या वेळी कसून तपासलेला रेणू रुग्णापर्यंत तसाच पोचतो का? मे महिन्यात वीज गेलेल्या दुकानातल्या फ्रिजमध्ये मूळ औषध आणि बायोसिमिलर सारखेच तापतात. बिलाबरोबर बर्फाची पिशवी मागून घ्या. इन्शुलिन गोठलं असेल तर वापरू नका. ब्रँड बदलायचा तर डॉक्टरांना विचारून बदला, केमिस्टने परस्पर बदलू नये. इन्शुलिनचा ब्रँड बदलल्यावर सुरुवातीचे काही दिवस साखर जास्त वेळा तपासा. आणि प्रत्येक डोसच्या खोक्यावरचा ब्रँड व बॅच नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अंगावर पुरळ, दम लागणं किंवा अचानक वाढलेला अशक्तपणा असं काही झालं, तर नक्की कोणत्या बॅचमुळे ते झालं, हे शोधायला डॉक्टरांना तोच फोटो लागतो.