‘लेगसी’ म्हणजे वारसा नव्हे

मराठीच्या अभ्यासकांनी शब्दांमागच्या सत्तेविषयी पुष्कळ लिहिले आहे. मात्र ज्या चार शब्दांनी आज शाळा-महाविद्यालयांतले रोजचे काम अडवून धरले आहे, त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ‘अपग्रेड’, ‘सपोर्ट’, ‘कम्पॅटिबल’ आणि ‘लेगसी’ हे ते शब्द. हा तंत्रज्ञांचा प्रांत आहे, साहित्यवाल्यांनी त्यात लुडबुड करू नये, असे म्हणणाऱ्यांशी आमचा पहिला मतभेद आहे. एखाद्या शब्दाने माणसाच्या खिशातला पैसा आणि आयुष्यातला वेळ जात असेल, तर त्या शब्दाची चिकित्सा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. त्याच्या आगेमागे ठिकठिकाणी संगणकांवर नवी प्रणाली चढवण्याची घाई झाली. काहींनी विंडोज ११ घातली, काहींनी लिनक्सची वाट धरली. संगणक सुरू झाला. पण पडद्यावरची अक्षरे फुगलेली, चित्रे ताणलेली, प्रोजेक्टर जोडला तर पडदा काळा. आमच्या विभागातही हेच घडले. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी दोन वाक्यांत निकाल दिला : ‘ग्राफिक्सचा ड्रायव्हर मिळत नाही. नवीन मशीन घ्या.’

हातखंब्यासारख्या गावात ड्रायव्हर म्हटले की मुंबई-गोवा महामार्गावरचा ट्रकवाला डोळ्यांसमोर येतो. संगणकातला ड्रायव्हर मात्र वाहन हाकत नाही. तो दुभाष्या असतो. प्रणालीची भाषा वेगळी, ग्राफिक्स कार्डाची वेगळी. प्रणाली ‘अमुक आकृती काढ’ म्हणते आणि दुभाष्या ते त्या विशिष्ट कार्डाला समजेल अशा आज्ञांत सांगतो. प्रणाली बदलली की दरबाराची भाषाही बदलते. दुभाष्याला ती नवी भाषा कोणी शिकवली नसेल, तर विंडोज त्याला बाजूला सारून ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ नावाच्या जेमतेम बोलणाऱ्या बदलीवर भागवते. लिनक्समध्येही गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की बाहेरून बसवलेला बंदिस्त ड्रायव्हर त्याच्याशी नव्याने जुळवून घ्यावा लागतो. ते जमले नाही, तर चित्रे काढण्याचे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते आणि यंत्र धापा टाकू लागते. यात कार्ड बिघडलेले नसते, प्रणालीही बिघडलेली नसते. फक्त दोघांमधला संवाद तुटलेला असतो.

तरीही दोष ठरतो तो वापरणाऱ्याचा. ‘तुम्ही आधी पाहायला हवे होते’, ‘तुमचे मशीन कम्पॅटिबल नाही’. या आरोपाचा फोलपणा दाखवायला विंडोज व्हिस्टाचा इतिहास पुरेसा आहे. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हरची घडणच बदलली होती. तत्पूर्वी २००६ साली संगणकांवर ‘व्हिस्टा केपेबल’ असे लेबल लावून विक्री झाली. इंटेलच्या ९१५ या चिपसेटला नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नव्हता, तरीही अटी शिथिल करून त्यावरच्या यंत्रांनाही ते लेबल मिळाले. पुढे सिॲटलच्या न्यायालयात खटला चालला आणि मायक्रोसॉफ्टचा अंतर्गत पत्रव्यवहार २००८ मध्ये उघड झाला. कंपनीचे एक उपाध्यक्ष माइक नॅश यांनीच तक्रार केली होती की लेबलावर विसंबून घेतलेला आपला लॅपटॉप म्हणजे २,१०० डॉलरचे ईमेल पाहण्याचे यंत्र होऊन बसला. त्याच कागदपत्रांनुसार २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या कोसळण्यांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होत्या. कंपनीचा उपाध्यक्ष जिथे फसतो, तिथे रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिक्षकाला ‘आधी पाहायला हवे होते’ असे सांगणे हा शुद्ध उद्धटपणा आहे.

आता शब्दांकडे येऊ. ‘अपग्रेड’ म्हणजे श्रेणीवाढ. आम्हा प्राध्यापकांना हा शब्द चांगला कळतो; श्रेणी वाढली की पदरात काही पडते. येथे श्रेणी प्रणालीची वाढते आणि हातातले चालते यंत्र निकामी ठरते. ‘सपोर्ट’ म्हणजे आधार. एकाच हाताने द्यायचा आणि त्याच हाताने ठरल्या तारखेला काढून घ्यायचा, अशा गोष्टीला आपल्या भाषेत आधार म्हणत नाहीत, मुदतीचे भाडे म्हणतात. ‘कम्पॅटिबल’ म्हणजे एकमेकांशी जुळणारे. जुळणे ही दोन्ही बाजूंची जबाबदारी असते. या व्यवहारात मात्र जुळवून घेण्याची अपेक्षा सदैव दुबळ्या बाजूकडूनच.

सर्वांत लबाड शब्द ‘लेगसी’. इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ वारसा. ज्या कार्डाचा ड्रायव्हर यापुढे सुधारला जाणार नाही, ते कार्ड कंपनीच्या परिभाषेत ‘लेगसी’ होते. आपल्याकडे वारसा जपायचा असतो. तो पुढच्या पिढीच्या हाती जातो. येथे वारसा हा शब्द टाकून देण्यासाठी वापरला जातो आणि वारसाला किल्लीही मिळत नाही. एनव्हिडियाची फर्मी पिढीतली कार्डे २०१० साली आली. विंडोजसाठी त्यांचे नियमित ड्रायव्हर २०१८ मध्ये थांबले, लिनक्ससाठीची ३९० मालिका २०२२ अखेर संपली. याउलट २००२ साली आलेल्या आर-३०० कुळातल्या रेडिऑन कार्डांचा ड्रायव्हर ‘मेसा’ या मुक्त प्रकल्पात आजही नांदतो आहे. आठ वर्षांनी जुने कार्ड जिवंत आणि नवे मृत, ही गंमत कशाने घडली? एकाचे दुभाषेपण उघड्या संहितेत लिहिलेले आहे, म्हणून कोणीही जाणकार ते दुरुस्त करू शकतो. दुसऱ्याचे कुलूपबंद आहे.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आकृती अशा वेगवेगळ्या संकेतव्यवस्थांत लिहीत होतो. तो फाँट नसला की सुरेख मराठी लेखाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. कित्येक नियतकालिकांचे मजकूर त्या खिचडीत अडकले. सार्वजनिक, सर्वांना ठाऊक असलेला संकेत आल्यावरच आपली सुटका झाली. फाँटच्या बाबतीत जो धडा आपण शिकलो, तो ड्रायव्हरच्या बाबतीत का विसरावा?

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे वजनदार आहेत. सुरक्षिततेसाठी नवी प्रणाली लागते, हे खरे. कोणतीही कंपनी जुन्या कार्डांवर जन्मभर माणसे नेमून ठेवू शकत नाही, हेही खरे. परंतु आम्ही तशी मागणी करतच नाही. तुम्ही जबाबदारी सोडता तेव्हा कागदपत्रे आणि संहिता उघड करा, एवढेच म्हणणे आहे. व्यापारी गुपिताची सबब फार टिकत नाही. एएमडीने २००७ पासून आपल्या ग्राफिक्स चिपांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि कंपनी बुडाली नाही. खुद्द एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये लिनक्स ड्रायव्हरच्या कर्नलमधल्या भागाची संहिता खुली केली. मात्र २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठीच. ज्यांना गरज सर्वाधिक, ते दाराबाहेरच राहिले.

तोवर सामान्यांनी काय करावे? प्रणाली बदलण्यापूर्वी कार्डाचे नेमके नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा, निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नव्या प्रणालीसाठीचा ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. विंडोजमध्ये पडदा बिघडला तर सेफ मोडमध्ये जाऊन चुकीचा ड्रायव्हर काढावा, किंवा डिव्हाइस मॅनेजरमधून मागचा परत आणावा. जुन्या प्रणालीकडे परतण्याची सोय साधारणपणे दहाच दिवस असते, हे ध्यानात ठेवावे. लिनक्समध्ये सुरुवातीच्या यादीतून मागचा कर्नल निवडून पाहावा. सिक्युअर बूट चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर चढत नाही, तेही तपासावे. एवढ्याने पुष्कळ यंत्रे वाचतात.

पण वैयक्तिक हुशारी हे सार्वजनिक अन्यायाचे उत्तर नव्हे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. दुरुस्तीचा हक्क म्हणजे केवळ स्क्रू आणि सुटे भाग नव्हेत; ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे. शाळा-महाविद्यालयांच्या खरेदीत एक अट सहज घालता येईल : पाठिंबा थांबेल त्या दिवशी ड्रायव्हरची संहिता खुली झाली पाहिजे. संगणक सार्वजनिक पैशाने येतात. त्यांच्या दुभाष्याने काय बोलावे, हे गुपित राहण्याचे कारण नाही. ही अट जे मान्य करतील त्यांनी ‘लेगसी’ हा शब्द खुशाल वापरावा. इतरांनी त्या जागी सरळ ‘भंगार’ लिहावे, म्हणजे निदान भाषेची तरी फसवणूक होणार नाही.